पाठीवरचं बोट

सिनेमात एखादी नटी कड्यावरून खाली पडते, तेव्हा तिच्या तोंडून निघणारी किंकाळी बहुतेक वेळा तिची नसते. नटीचा गळा महाग. तो बसला की चार दिवस शूटिंग बंद. म्हणून पडते ती एक आणि किंचाळते ती दुसरी. ही दुसरी एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर राहायची, सकाळी मिठाच्या पाण्याने गुळण्या करायची आणि बसने कामाला जायची. डबिंग स्टुडिओत तिला किंकाळीबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. निदान ती तसं दाखवत नसे.

किंकाळ्यांचे प्रकार असतात. पडतानाची किंकाळी लांब, उतरत जाणारी. प्रेत बघितल्यावरची आखूड, श्वासासोबत आत ओढलेली. बाळंतपणाची सगळ्यांत कठीण, कारण तिच्यात राग लागतो आणि नव्या पोरी नुसतं दुःख घालतात. किंकाळीबाई कोणतीही किंकाळी पहिल्या नाहीतर दुसऱ्या टेकला द्यायची. रेकॉर्डिस्ट तिला म्हणायचा, तुमच्या घरी भांडणं झाली की शेजारी तिकीट काढून ऐकत असतील. ती हसायची. घरात ती कधीच आवाज चढवत नसे. गळा हे भांडवल होतं आणि ते घरात उधळायची सोय नव्हती. संवादापेक्षा किंकाळीला पैसे जास्त मिळत, आणि घर त्या पैशांवर चालत होतं.

तिचा नवरा नट होता.

दोघांची ओळख एकाच नाटक कंपनीत झाली. ती फार चांगलं काम करते, असं सगळे म्हणत. त्याचा आवाज भरदार आहे, असंही सगळे म्हणत. या दोन वाक्यांतला फरक त्याला तेव्हाच कळला होता, तिला कळायला वेळ लागला. लग्न ठरलं तेव्हा दोघांनी एक करार केला. दोघांनाही नाटकच करायचं तर घर कोण चालवणार? म्हणून आळीपाळीने करायचं. एक वर्ष एकाने फक्त नाटक करायचं आणि दुसऱ्याने मिळेल ते काम करून पैसे आणायचे. पुढच्या वर्षी उलट. मित्रमंडळींना ही कल्पना इतकी आवडली की दोन जोडप्यांनी तीच उचलली. त्यातलं एक पुढे वेगळं झालं आणि दुसऱ्याने किराणा मालाचं दुकान टाकलं.

पहिलं वर्ष कुणाचं, हा प्रश्न होता. नटीचं वय लवकर सरतं, त्या हिशेबाने आधी तिचं. पण तो म्हणाला, तुझ्यात आहेच गं, ते कुठे पळून चाललंय. मला आत्ता जमलं नाही तर कधीच जमणार नाही. हे त्याने इतक्या मनापासून म्हटलं की तिला आपलं कौतुक झाल्यासारखं वाटलं. दुसरं वर्ष तिचं होतं. तो फर्निचरच्या दुकानात नोकरीला लागला, आणि चौथ्या महिन्यात त्याला एका नाटकात काम मिळालं. असं काम आयुष्यात एकदाच येतं, म्हणाला. तिच्या वर्षातले उरलेले आठ महिने त्याने तिच्याकडून उसने घेतले. शब्द त्याचाच: उसने. त्यानंतर आयुष्यात एकदाच येणारी कामं त्याला दर वर्षी येत गेली. अकरा वर्षांत तिच्या वाट्याला सगळे मिळून चौदा महिने आले, तेही तुकड्या-तुकड्यांनी. चौदा महिन्यांच्या तुकड्यांत कुणी नाटक बसवत नाही.

भांडणं पैशांवरून व्हायची. पण दोघंही रंगभूमीवरचे, त्यामुळे भांडण ऐन रंगात आलं की एकजण थांबून दुसऱ्याला सांगे, हे वाक्य पुन्हा घे, राग खोटा वाटतोय. नाहीतर, इथे थांबायला हवं होतंस, परिणाम गेला. पहिली काही वर्षं यावर दोघं हसायची आणि भांडण मिटायचं. नंतर नुसतं मिटायचं. शेवटी तो रडत असे. त्याची डावी बाजू चांगली दिसायची आणि रडताना तो ती पुढे करायचा. खोलीतली तिची खुर्चीही त्याच्या डावीकडेच होती. ती तिथे त्यानेच ठेवली होती.

घर त्याच्या धाकट्या बहिणीचं होतं. नणंद खाली राहायची, एकटी. बँकेत कर्जवसुली बघायची, आणि घरी आली तरी तिचं खातं बदलत नसे. भावाकडून ती कमी भाडं घ्यायची आणि कमी घेते हे महिन्यातून एकदा सांगायची. भाडं थकलं की मागायला दादाकडे जात नसे. जिन्यात वहिनीला गाठायची. "वहिनी, दादाला काही बोलू नका हं, तो मनाला लावून घेतो," असं सुरू करायची, आणि मनाला लावून घ्यायचं काम वहिनीवर सोपवून आत जायची.

किंकाळीबाई एक्केचाळीस वर्षांची झाली त्या वर्षी तिला एका दिग्दर्शिकेचा फोन आला. जुन्या कंपनीतली बाई. कडक, कमी बोलणारी, आणि आता बरीच मोठी झालेली. तिच्या हातात एक नाटक होतं. सत्तर मिनिटं एकच स्त्री खुर्चीत बसून बोलते, आणि शेवटची पंधरा मिनिटं जवळजवळ कुजबुजते. "कुजबूज शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळली पाहिजे," दिग्दर्शिका म्हणाली. "त्याला गळा शाबूत लागतो. तू पोट कशावर भरतेस ते मला माहीत आहे. आजपासून किंकाळी बंद. बंद नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरी बघते." प्रयोगाला तीन महिने होते.

ती घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली की मला माझं वर्ष पाहिजे. सगळी उसनवारी नको, हे एक वर्ष. तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच की तिने दोनदा विचारलं. फोनवर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या मुलांना स्पष्ट बोलायला शिकवणारी एक संस्था होती, तिथे तो शिक्षक म्हणून लागला. रोज साडेआठला डबा घेऊन निघायचा. खालून नणंद बघायची आणि म्हणायची, "एवढा मोठा नट डबा घेऊन जातो, वहिनी, मला तर बघवत नाही." वहिनी म्हणायची, मग नका बघू. असलं उत्तर तिने अकरा वर्षांत पहिल्यांदा दिलं होतं.

ते सात आठवडे तिचे बरे गेले. सकाळी घरी पाठांतर, दुपारी तालीम. तालमीला एक तरुण मुलगी कोपऱ्यात संहिता घेऊन बसायची. प्रमुख नटी आजारी पडली तर ऐन वेळी उभी करायला अशी एक राखीव ठेवतात. मुलगी प्रत्येक वाक्य ओठांत म्हणायची आणि किंकाळीबाईला ते आवडायचं. पाचव्या आठवड्यात कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत गेली. दिग्दर्शिका तिथेच बसली होती. पुढच्या पानाला सुरुवात कर, एवढंच म्हणाली. त्या दिवशी किंकाळीबाई बस न घेता चालत घरी आली.

नवऱ्याने नोकरी दुसऱ्याच महिन्यात सोडली होती. त्याला एका सिनेमात न्यायाधीशाचं काम मिळालं होतं. सहा प्रसंग, त्यांतल्या दोनात तो शिक्षा सुनावतो. रजा काढून करतोय, असं त्याने तिला सांगितलं. डबा रोज जात होताच. शूटिंग नसेल त्या दिवशी तो डबा कुठल्या तरी बागेत बसून खात असावा. सिनेमाचे पैसे काम पूर्ण झाल्यावर मिळणार होते आणि नणंदेचं दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. जिन्यातली भेट झाली. त्याच संध्याकाळी नवऱ्याने विषय काढला: स्टुडिओच्या मॅनेजरने विचारलंय, एका शिक्षिकेचं काम आहे, साधे संवाद, मऊ आवाज, किंकाळी एकही नाही. अर्ध्या दिवसाचं काम, भाडं सुटेल. दिग्दर्शिकेने किंकाळी बंद म्हटलंय, बोलणं थोडंच बंद म्हटलंय? त्यात काही खोट नव्हती. ती हो म्हणाली. तो स्वतः सोबत आला, थर्मासमधून गरम पाणी घेऊन.

डबिंगची खोली म्हणजे भिंतींना कापूस भरलेली पेटी. समोर पडदा, मध्ये माइक, आणि बाजूला जाड काच. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बटणांपुढे बसतो. त्याने बटण दाबलं तरच त्याचं आत ऐकू येतं. एरवी काचेपलीकडे माणसं माशांसारखी तोंडं हलवतात. नवरा तिकडे मॅनेजरच्या शेजारी उभा होता. रेकॉर्डिस्ट पुढचा तुकडा लावत होता, त्याला दोनेक मिनिटं लागणार होती. ती थर्मासच्या झाकणातून पाणी पीत काचेकडे बघत होती.

अकरा वर्षं तिने दुसऱ्याचे ओठ बघून पोट भरलं होतं. प, फ, ब, भ, म हे ओठांवर दिसतात. क, ग, ह आत राहतात. मधली गाळलेली जागा माणूस ओळखीचा असला की भरता येते, आणि हे ओठ तर तिच्या घरातले होते. त्यांच्याकडून तिने किती नाटकं पाठ करून घेतली होती. नवरा हे सगळं जाणून होता. पण जन्मभर आवाजावर जगलेल्या माणसाला वाटतं की आवाज बंद म्हणजे सगळंच बंद. तो तिच्याकडे तोंड करून, तिला बघून हसत, सावकाश बोलत होता. नटाची सवय, शब्द खायचे नाहीत.

"तिच्या नाटकाच्या बाईंना परवा भेटून आलो मी," तो मॅनेजरला सांगत होता. "म्हटलं, तिचा घसा गेलाय. डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलंय, पण ती तुम्हाला सांगायची नाही. बिचाऱ्या घाबरल्या. त्या पोरीला बसवतायत आता. सोमवारपासून ही तुमचीच."

मॅनेजरने काही विचारलं. त्याची पाठ होती, त्यामुळे प्रश्न तिला दिसला नाही. नवऱ्याचं उत्तर दिसलं.

"अहो, नाही कशी म्हणेल. तिला दुसरं येतं काय?"

मग मॅनेजरने खिशातून पैशांचं पाकीट काढून त्याला दिलं.

रेकॉर्डिस्टने बटण दाबून विचारलं, तयार? तिने झाकण खाली ठेवलं आणि शिक्षिकेचं पुढचं वाक्य म्हटलं. मुलांनो, पान बावीस उघडा. पहिल्याच टेकला ओके झालं.

नवऱ्याला तिने काही दाखवलं नाही. मला तालमीला उशीर होतोय म्हणून ती तशीच निघाली आणि तालमीच्या जागी पोचली. खुर्चीत ती तरुण मुलगी बसलेली होती. किंकाळीबाईला बघून ती अर्धवट उठली, मग दिग्दर्शिकेकडे बघून पुन्हा बसली. दिग्दर्शिकेने किंकाळीबाईला दाराबाहेर नेलं. माणूस चुकीचं बोलत नव्हता, तो काळजीने आला होता, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, असं ती म्हणाली. हे मला तू सांगायला हवं होतंस, नवऱ्याने नव्हे.

"माझा घसा ठीक आहे," किंकाळीबाई म्हणाली.

वाक्य मध्येच फाटलं. सकाळपासून जे गिळलं होतं ते त्या चार शब्दांच्या आड आलं. तिने खाकरून पुन्हा म्हणायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्यांदा आणखीच वाईट निघालं. दिग्दर्शिकेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरांचा कागद मागायची आता तिला गरज उरली नव्हती.

घरी नवरा भाड्याची पावती टेबलावर ठेवून बसला होता. मला सगळं दिसलं, असं तिने सांगितलं. काय दिसलं, हेही सांगितलं, वाक्या-वाक्याने, त्याच्याच थांब्यांसकट. त्याचा चेहरा पहिल्यांदा खरोखर उतरला. मग त्याने स्वतःला सावरलं आणि बोलायला लागला. नोकरी सोडली हे कबूल केलं. भुताखेतांची एक लांब मालिका आहे, आठवडाभराचं काम, सगळ्या किंकाळ्या. त्याचे पैसे मॅनेजरने आधी दिले, ते बहिणीला दिले, आणि थोडे कपड्यांत गेले कारण न्यायाधीशाच्या घरच्या प्रसंगातले कपडे स्वतःचे आणायचे होते.

"तू मला विचारलं असतंस तर?" ती म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"मग विचारून काय उपयोग होता? तुझ्या नाटकाचे होऊन होऊन होणार किती प्रयोग, दहा? बारा? सिनेमा राहतो गं. मी पंचवीस वर्षं थांबलोय."

"आणि मी?"

तो तिच्या खुर्चीच्या उजवीकडे येऊन बसला, म्हणजे त्याची डावी बाजू तिच्याकडे राहील, आणि रडायला लागला. खालून नणंदेने जिन्यात येऊन विचारलं, "वहिनी, तालीम चाललीय की भांडण? मला फोनवर बोलायचंय." किंकाळीबाई म्हणाली, तालीम. मग नवऱ्याला म्हणाली, "हा डावा डोळा आता पुरे."

पुढच्या आठवड्यात तिने भुतांची मालिका केली. पैसे घेतलेले होते आणि खर्चूनही झाले होते, परत द्यायला काही उरलं नव्हतं. पाच दिवस, रोज सहा तास. बुधवारी मॅनेजर रेकॉर्डिस्टला म्हणाला की बाई या वेळी फारच जोरात आहेत. शुक्रवारी तिच्या थुंकीत रक्ताची रेघ आली. दिग्दर्शिकेला नवऱ्याने सांगितलेलं आता खरं झालं होतं.

त्यानंतर त्याच्या सिनेमाचं डबिंग निघालं, त्याच स्टुडिओत. शूटिंगच्या वेळचा आवाज वापरण्यासारखा नव्हता, कारण शेजारी रस्त्याचं काम चाललेलं होतं. न्यायाधीशाचे सहाही प्रसंग पुन्हा बोलायचे होते, पडद्यावरच्या आपल्याच ओठांवर. आणि नवऱ्याला हे जमत नसे. रंगमंचावर तो स्वतःच्या मनाने थांबायचा आणि त्याच्या थांबण्याला टाळ्या पडायच्या. पडद्यावरचे ओठ कुणासाठी थांबत नाहीत. आधी दोनदा त्याला अशी छोटी डबिंगची कामं मिळाली होती आणि दोन्ही वेळा ती त्याच्यामागे उभी राहिली होती. ओठ उघडायच्या क्षणी ती त्याच्या पाठीवर बोट टेकवायची. वाक्याच्या मध्ये श्वास असेल तर बोट उचलायची, पुन्हा टेकवायची. त्याने पडद्याकडे बघायचंच नाही, नुसतं बोटावर बोलायचं. स्टुडिओत नवख्यांना असं बोट द्यायची पद्धत आहे, पण तिच्याइतकं अचूक बोट कुणाचं नव्हतं.

तो तीन दिवस घुटमळला. चौथ्या दिवशी म्हणाला, "येशील ना?"

"एक काम कर," ती म्हणाली. आवाज अजून खरखरत होता. "बाईंकडे जा. सांग की तू खोटं बोललास. घसा गेला नव्हता. पैसे घेतले होते म्हणून बोललास."

"तेवढं सोडून काहीही सांग."

"मग तुझं तू डब कर."

तो कपडे बदलून खाली गेला, परत वर आला, पाणी प्याला, पुन्हा गेला. तिला वाटलं बागेत बसून येईल. पण संध्याकाळी दिग्दर्शिकेचा फोन आला. तुझा नवरा आला होता, म्हणाली. मुलीसमोर, सगळ्यांसमोर सांगितलं त्याने. डोळ्यांतून पाणी वगैरे काढलं नाही. सरळ उभा राहून सांगितलं आणि बोलणी खाऊन गेला. "मी चुकले. मी तुला विचारायला हवं होतं," दिग्दर्शिका म्हणाली. मग म्हणाली की मुलगी आता भूमिकेत बसलीय, बारा दिवस राहिलेत, आणि खरं सांगायचं तर ती बरी करतेय. तुझाही आवाज आत्ता ऐकतेय मी. पुढच्या खेपेला नक्की.

पुढच्या खेपेला, किंकाळीबाई फोनवर म्हणाली, हो, हो.

नवरा आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तिने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. अभिनय न करणारा माणूस कसा दिसतो ते तिला बरीच वर्षं माहीत नव्हतं. सांगितलं मी, तो म्हणाला. सगळं सांगितलं. हलकं वाटतंय गं. तुझं काम परत मिळालं का? ती नाही म्हणाली. तो खाली बसला. मग म्हणाला, "पण तू येशील ना?"

"शब्द दिलाय," ती म्हणाली.

डबिंगच्या दिवशी सिनेमाचा दिग्दर्शक काचेपलीकडे बसला होता, तरुण, घाईतला. नवरा माइकपुढे उभा राहिला, खांदे सैल सोडले, पाठ तिच्याकडे केली आणि डोळे मिटले. बोट असलं की तो डोळे मिटत असे. पहिला प्रसंग साधा होता, आरोपीचं नाव विचारायचं. पडद्यावर न्यायाधीशाचे ओठ उघडले. तिने एक निमिष जाऊ दिलं आणि बोट टेकवलं.

तो बोलला. आवाज उत्तम होता, तिला मान्य करावं लागलं. फक्त पडद्यावरच्या तोंडाच्या मागून येत होता.

पुन्हा घेतलं. या वेळी तिने आधी टेकवलं. सगळंच सारखं उशिरा असतं तर रेकॉर्डिस्टने आवाज पुढे सरकवून जुळवून घेतलं असतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने काहीच सारखं ठेवलं नाही. एका वाक्याला उशीर, दुसऱ्याला घाई, तिसऱ्याच्या मध्यावर श्वास नसताना बोट उचललं. शिक्षा सुनावायच्या प्रसंगात तर तिने एक संपूर्ण वाक्य अचूक दिलं, म्हणजे त्याला आशा वाटावी, आणि पुढच्या वाक्याला बोट इतकं हलकं ठेवलं की लागलं की नाही हे त्याला कळू नये. तो अडखळला. तिने पुन्हा तसंच केलं, तो पुन्हा अडखळला. त्याच्या शर्टाला पाठीवर घाम आला आणि तिच्या बोटाला तो लागत होता. एकदाही त्याने मागे वळून पाहिलं नाही. डोळे मिटलेलेच होते.

नवव्या टेकला रेकॉर्डिस्टने काचेतून तिच्या हाताकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग तिच्या चेहऱ्याकडे. मग तो आपल्या बटणांकडे वळला आणि त्याने पुढचा तुकडा लावला.

दोन तासांनी तरुण दिग्दर्शक आत आला. अदबीने बोलला. म्हणाला, सर, चेहरा फार छान आलाय, चेहऱ्याला काही प्रश्नच नाही. आपण आवाज दुसऱ्याचा लावू. नवऱ्याने एक संधी मागितली, उद्याची. दिग्दर्शकाने किंकाळीबाईकडे पाहिलं. डबिंगमधलं तिला कळतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. त्याने विचारलं, ताई, उद्या जमेल असं वाटतं तुम्हाला?

"नाही वाटत," ती म्हणाली.

बाहेर पडल्यावर दोघं बसस्टॉपपर्यंत चालत गेले. तिच्या हातात थर्मास आणि त्याच्या कपड्यांची पिशवी होती. बाकावर एकच जागा होती, ती त्याने तिला दिली. तू होतीस म्हणून निदान दोन तास तरी टिकलो, तो म्हणाला. एकटा असतो तर त्याने मला पहिल्या दहा मिनिटांत घालवलं असतं. एक बस आली, ती त्यांची नव्हती, गेली.

"खरं सांग," तो म्हणाला. "बोट लागत होतं तरी मला पकडता येत नव्हतं. असं कधी झालं नव्हतं. माझं टायमिंग गेलं का गं?"

तो तिच्या समोर उभा होता, डावी-उजवी कुठलीच बाजू पुढे न करता. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिच्या घशात तयार होतं आणि घसा आता बऱ्यापैकी बरा झाला होता.

"गेलंय," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."

त्याने मान डोलावली आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.